खाते कोणाचे, जोखीम कोणाची

ऑनलाइन खेळात लॉगिन करणे म्हणजे ‘मीच तो’ हे दूरवरच्या यंत्राला पटवून देणे. पटवणे सोपे ठेवले तर ते चोरालाही सोपे जाते, आणि फार कडक केले तर खरा मालकच दाराबाहेर ताटकळतो. हा पेच संगणकाने जन्माला घातलेला नाही. जिथे जिथे अनोळखी माणसाला दुरून पैसे चुकते करावे लागले तिथे तिथे तो होता, आणि अमरावती-अकोल्याच्या कापूसपट्ट्यात त्याचा दोनशे वर्षांचा माग काढता येतो. माग काढताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर येते. कुलूप किती कडक असावे हे तंत्रावर थोडे आणि चोरी झाल्यास भुर्दंड कोणी सोसायचा यावर बरेच ठरत आले आहे.

अमरावतीचा परकोट ही या भागातली सुरक्षेची सर्वांत ठळक खूण. पेंढाऱ्यांच्या लुटीपासून इथल्या सधन व्यापाऱ्यांचे रक्षण व्हावे म्हणून निजामाच्या राजवटीत १८०७ साली तो बांधायला घेतला. सुमारे सव्वादोन मैल घेराच्या या दगडी भिंतीला पाच दरवाजे ठेवले आणि त्यांच्या जोडीला चार खिडक्या. गाड्याबैलांसाठी दरवाजा आणि पायी माणसासाठी खिडकी, अशी ती सोय. त्यांतल्या एकीला आजही खुनारी खिडकी म्हणतात. १८१८ च्या मोहरमातल्या रक्तपाताची ती आठवण. भिंतीने पेंढारी अडवता येत होता, पण पैसा भिंतीआड बसून राहिला तर व्यापारच थांबला असता. कापूस बैलांच्या पाठीवर मुंबईकडे निघत होता, त्याची किंमत परत यायला हवी होती, आणि रोकड घेऊन घाट उतरणे-चढणे म्हणजे लुटारूंना आमंत्रण. पैसा न हलवता पैशाचा हुकूम हलवणारा कागद या पेठांमध्ये आधीपासून वापरात होता. तो कागद म्हणजे हुंडी.

हुंडीची रचना पाहिली की तिच्यामागचा सावधपणा लक्षात येतो. रक्कम आकड्यात लिहायची, अक्षरात लिहायची, तिचे निमे किती ते लिहायचे आणि त्या निम्म्याची दुप्पट म्हणून पुन्हा मूळ रक्कम सांगायची. एखाद्याने हजाराचे दहा हजार करायचे म्हटले तर त्याला एका नव्हे, अनेक ठिकाणी खाडाखोड करावी लागे. हुंडी काढणारी पेढी ज्या पेढीवर ती काढली तिला वेगळ्या वाटेने सूचनापत्र धाडी. कागद एका हाताने आला, त्याची खबर दुसऱ्या हाताने आली आणि दोन्हींचा मेळ बसला, म्हणजे मुनीम पैसे मोजी. मुनिमाच्या ओळखीचे अक्षर, पेढीची नेहमीची लिहिण्याची ढब, मुडिया किंवा मोडी लिपीतली वळणे, हे सगळे त्या तपासणीचा भाग होते.

अधिक महत्त्वाचे होते ते हुंडीचे प्रकार, कारण सोय आणि सुरक्षा यांचा तोल प्रत्येक प्रकाराने वेगळा साधला होता. देखाडनहार हुंडी, म्हणजे जो दाखवील त्याला पैसे: सर्वांत सोपी आणि सर्वांत धोक्याची. धनीजोग हुंडीत नाव घातलेल्या धन्यालाच पैसे मिळत. पण तो धनी परगावी अनोळखी असला तर त्याची ओळख पटवायची कशी, हा प्रश्न उरे. मधला मार्ग होता शाहजोग हुंडीचा. तिचे पैसे फक्त ‘शाहा’ला, म्हणजे बाजारात पत असलेल्या पेढीला मिळत. ज्याच्याकडे हुंडी असे त्याने अशा एखाद्या पेढीमार्फत ती वटवायची. हुंडी चोरीची निघाली तर त्या शाहाला रक्कम व्याजासह परत करावी लागे. साहजिकच तो आपल्या दारात आलेल्या माणसाची चौकशी करूनच हुंडी हातात घेई. पैसे मोजणाऱ्या पेढीला दूरच्या अनोळखी माणसाची पारख करावी लागत नव्हती. तिने फक्त शाहाला ओळखले की पुरे. ओळख पटवण्याचे काम ज्याच्या गळ्यात, नुकसानही त्याच्याच गळ्यात, हे या व्यवस्थेचे मर्म. आजच्या अनेक ॲपना हे साधलेले नाही.

हुंडी हरवली तर काय, याचेही उत्तर तयार होते. काढणारी पेढी दुसरी प्रत देई, तिला पेठ म्हणत. तीही हरवली तर तिसरी, परपेठ. मागची प्रत वटली नसेल तरच पैसे द्यावेत असा उल्लेख प्रत्येक नव्या प्रतीत असे. १८८१ च्या नेगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्टने देशी भाषांतल्या हुंड्यांच्या स्थानिक रूढींना धक्का लावला नाही, यावरून या पद्धतीची मुळे किती घट्ट होती याची कल्पना येते.

१८५३ मध्ये हैदराबादच्या निजामाने वऱ्हाड ईस्ट इंडिया कंपनीच्या ताब्यात दिले. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे १८६१ ते १८६५ या काळात लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकन कापूस मिळेनासा झाला आणि वऱ्हाडच्या कापसाचे भाव चढले. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे भुसावळहून अकोला, बडनेरा ओलांडून १८६७ मध्ये नागपूरला पोहोचली. १८७० मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांच्या हस्ते जलंब-खामगाव फाट्याचे उद्घाटन झाले, आणि त्याच वर्षी मुंबई समुद्राखालच्या तारेने इंग्लंडशी जोडली गेली. लिव्हरपूलचा भाव खामगाव-अकोल्याच्या बाजारात त्याच दिवशी ऐकू येऊ लागला. राली आणि व्होल्कार्ट यांसारख्या परदेशी कंपन्यांच्या आडती इथे आल्या, जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने उभे राहिले, आणि सौदा करणाऱ्या दोन माणसांनी एकमेकांचे तोंड पाहिलेच पाहिजे ही गरज संपली.

तारेने वेग दिला, पण ओळखीची सगळी साधने काढून घेतली. तारेत अक्षराचे वळण नाही, मोहोर नाही, आणणाऱ्याचा चेहरा नाही. मजकूर मात्र तारबाबूपासून तार पोहोचवणाऱ्या शिपायापर्यंत सर्वांच्या नजरेखालून जाई. शिवाय १८८५ च्या टेलिग्राफ कायद्याने तारखात्याच्या कर्मचाऱ्याच्या हयगयीमुळे झालेल्या नुकसानीची जबाबदारी सरकारने अंगावर घेतली नाही. जोखीम व्यापाऱ्यावर पडल्याबरोबर व्यापाऱ्याने आपले कुलूप आपणच घडवले. कंपन्या सांकेतिक शब्दांची पुस्तके वापरू लागल्या. एका शब्दात अख्खे वाक्य मावे, त्यामुळे शब्दागणिक लागणारा खर्च वाचे आणि मजकूरही झाकला जाई. इथे सोय आणि सुरक्षा एकाच बाजूला आल्या, हा दुर्मीळ योग. १९०६ साली निघालेले बेंटलेचे कोड पुढे जगभर चालले. पण छापील पुस्तक कोणालाही विकत मिळे. म्हणून मोठ्या पेढ्या स्वतःचे खासगी शब्द ठरवत.

पैसे पाठवण्याच्या तारेसाठी बँकांनी आणखी एक युक्ती काढली: चाचणीचा आकडा. तारीख, रक्कम आणि दोन शाखांनी आधी ठरवून ठेवलेले गुप्त अंक यांची बेरीज-वजाबाकी करून आलेला आकडा तारेत घालायचा. तार मिळालेल्या शाखेने तोच हिशेब करून पाहायचा आणि जुळला तरच पैसे द्यायचे. दर तारेला आकडा नवा, त्यामुळे जुन्या तारेची नक्कल करून काही साधत नसे. मोबाइलवर येणारा सहा आकडी ओटीपी आणि प्रमाणक ॲपमध्ये दर अर्ध्या मिनिटाला बदलणारा अंक ही याच कुळातली मंडळी आहेत. विशेषतः प्रमाणक ॲप आजही जवळपास तोच हिशेब करते: दोन्ही टोकांकडे असलेले एक गुपित आणि सध्याची वेळ यांतून अंक काढायचा.

बाजाराच्या आवारात मात्र प्रश्न वेगळा होता. तिथे माणसे समोरासमोर असत, पण शेतकऱ्याला सौद्याचा अंदाज येऊ नये अशी रीत देशातल्या अनेक बाजारांत रुजली होती. दलाल आणि खरेदीदार रुमालाखाली हात घालून बोटे दाबत आणि भाव ठरवत. पद्धत गुप्त होती, जलद होती, आणि तिच्यातून फक्त मालाचा धनी वगळला होता. सुरक्षितता म्हटले की ती कोणापासून आणि कोणासाठी, हे विचारावे लागते ते यासाठी. वऱ्हाडने या बाबतीत देशात पुढाकार घेतला. १८८६ मध्ये हैदराबाद रेसिडेन्सीच्या आदेशाने कारंजा येथे देशातला पहिला नियंत्रित कापूस बाजार सुरू झाला. कारंजा लाड पुढे दीर्घकाळ अकोला जिल्ह्यात होते, आज ते वाशीम जिल्ह्यात आहे. १८९७ चा बेरार कॉटन अँड ग्रेन मार्केट्स लॉ हा या विषयावरचा देशातला पहिला स्वतंत्र कायदा. त्याने दलाल आणि मापाडी यांना परवाने बंधनकारक केले, म्हणजे कोण कोणाच्या नावाने बोलतो आहे याची नोंद झाली. पण बाजार समितीवर व्यापारी आणि नगरपालिकेचे प्रतिनिधी होते, शेतकऱ्यांना स्थान नव्हते. १९२८ च्या शेतीविषयक रॉयल कमिशनने नेमके यावर बोट ठेवले.

शेतकऱ्याची स्वतःची ओळख कागदावर उमटे ती अंगठ्याने. बोटांच्या ठशांचा व्यवहारातला वापर विल्यम हर्शेल यांनी १८५८ मध्ये बंगालमधल्या जंगीपूरला एका कंत्राटावर हाताचा ठसा घेऊन सुरू केला, आणि १८९७ मध्ये कलकत्त्यात ठशांची नोंद ठेवणारे कार्यालय निघाले. ‘निशाणी डावा अंगठा’ हे शब्द मराठी दस्तऐवजांत इतके रुळले की निरक्षरतेची ती जणू सहीच झाली. अंगठा सोयीचा खरा: तो विसरत नाही, हरवत नाही, उसना देता येत नाही. पण त्याने सावकाराची खात्री होई, कुळाची नाही. वरचा मजकूर वाचता न येणाऱ्याचा अंगठा कोऱ्या कागदावरही घेता येत होता. शंभर वर्षांनी हाच अंगठा आधारच्या रूपाने परत आला. देशातला पहिला आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी महाराष्ट्रातल्याच नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात देण्यात आला. आता मजकूर खोटा घालण्याचा धोका कमी झाला आणि नवी अडचण उभी राहिली: आयुष्यभर शेतात राबलेल्या बोटांच्या रेषा झिजतात, आणि यंत्र खऱ्या माणसालाच ओळखत नाही.

कापसाचा बाजार आणि खेळ यांची गाठ पडली ती जुगारात. न्यूयॉर्क कॉटन एक्स्चेंजचे उघडते आणि बंद होते भाव मुंबईत तारेने येत, आणि त्यांतल्या अंकांवर पैसे लावले जात. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला ते आकडे यायचे थांबले, तेव्हा मडक्यातून चिठ्ठी काढून अंक ठरवण्याची पद्धत आली आणि मटका हे नाव रूढ झाले. कल्याणजी भगत आणि रतन खत्री ही त्यातली गाजलेली नावे. कायद्याने हा धंदा बंदच होता, तरी त्याची ओळख-व्यवस्था पाहण्यासारखी आहे. लावणाऱ्याला नाव-गाव विचारले जात नसे; चिठ्ठी दाखवील त्याला पैसे. म्हणजे देखाडनहार हुंडीच. ती चाले ती लहान रकमांमुळे आणि बुकी त्याच मोहल्ल्यातला असल्यामुळे. चिठ्ठी हरवली तर दाद मागायला कोणतीही चौकी नाही, हे खेळणारा पहिल्यापासून गृहीत धरून असे. १२ एप्रिल १९६९ रोजी सुरू झालेल्या महाराष्ट्र राज्य लॉटरीने तिकिटावर क्रमांक आणि मागे सहीची जागा आणली. तरी तिकीट ज्याच्या हातात बक्षीस त्याचे, हे तत्त्व तेच राहिले.

१९७० च्या दशकात एकाधिकार कापूस खरेदी योजना आली आणि वऱ्हाडच्या शेतकऱ्याला कापूस विकण्यासाठी सातबारा दाखवावा लागू लागला. दुसऱ्याच्या सातबाऱ्यावर कापूस घालणे ही त्या काळातली ‘उसनी आयडी’ म्हणता येईल. २०२५ च्या हंगामात भारतीय कापूस महामंडळाने हमीभावाच्या खरेदीसाठी ‘कपास किसान’ ॲपवर नोंदणी सुरू केली, तिथेही आधार आणि जमिनीचा उतारा लागतोच.

पासवर्ड नावाची वस्तू संगणकात आली ती १९६० च्या दशकाच्या आरंभी, अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत. फर्नांडो कॉर्बाटो यांच्या पुढाकाराने तयार झालेल्या सामायिक यंत्रणेत एकच संगणक अनेकांनी वापरायचा होता, प्रत्येकाला वेळ ठरवून दिलेला होता, म्हणून प्रत्येकाला पासवर्ड दिला. १९६२ मध्ये ॲलन शेर या संशोधक विद्यार्थ्याला आपला वेळ अपुरा पडू लागला, तेव्हा त्याने पासवर्डांची अख्खी फाइलच छापून घेतली. पासवर्डचोरीची ही पहिली ज्ञात गोष्ट, आणि तिच्यामागचे कारण होते यंत्रावर जास्त वेळ बसायला मिळावे हे. सायबर कॅफेत तासाच्या हिशेबाने बसलेल्या कोणाही पोराला ते पटेल.

१५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केले आणि पुढच्या दहा वर्षांत जिल्ह्याच्या गावांत सायबर कॅफे निघाले. त्या काळच्या खेळांत लॉगिनचा प्रश्न फारसा नव्हता. काउंटर-स्ट्राइकसारखा खेळ कॅफेतल्या संगणकांच्या जाळ्यात चाले, नाव हवे ते टाकायचे, उठताना मागे काही उरत नसे. चोरण्यासारखे काही नव्हते, म्हणून कुलूपही नव्हते. कुलूप आले ते सरकारच्या बाजूने: २०११ च्या सायबर कॅफे नियमांनी ओळखपत्र पाहणे, वहीत नोंद करून ती किमान वर्षभर जपणे आणि आडोशाची उंची साडेचार फुटांपेक्षा जास्त न ठेवणे बंधनकारक केले. ही व्यवस्था गुन्ह्याचा माग काढण्यासाठी होती. वापरणाऱ्याचा पासवर्ड त्याच संगणकात जपला जाऊन पुढच्या गिऱ्हाइकाला सापडू नये यासाठी तिच्यात काही नव्हते.

दरम्यान जगात खेळातल्या वस्तूंना पैशाची किंमत आली होती. वर्षानुवर्षे खेळून कमावलेली हत्यारे, पोशाख आणि दर्जा विकता येऊ लागला, आणि त्यासोबत चोरी. ब्लिझर्ड या कंपनीने २००८ मध्ये वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टच्या खेळाडूंसाठी किल्लीच्या जुडग्याला अडकवता येणारे अंक-यंत्र विकायला काढले. २०११ च्या एप्रिलमध्ये सोनीच्या प्लेस्टेशन नेटवर्कमध्ये घुसखोरी झाली, सुमारे ७.७ कोटी खात्यांची माहिती उघडी पडली आणि सेवा तीन आठवड्यांहून अधिक काळ बंद राहिली. तरीही त्या नेटवर्कवर दुहेरी पडताळणी यायला २०१६ उजाडले. एवढा उशीर बँकेला परवडला नसता.

या बाबतीत व्हॉल्व्ह कंपनीच्या स्टीम या खेळविक्रीच्या मंचाचे उदाहरण सर्वांत बोलके आहे. कंपनीने २०१५ च्या अखेरीस जाहीर केले की दरमहा सुमारे ७७,००० खाती पळवली आणि लुटली जातात. त्याआधी कंपनी लुटलेल्या वस्तूंची नवी प्रत मूळ मालकाला देत असे. पण चोरीची मूळ प्रत बाजारात फिरतच राही, त्यामुळे तीच वस्तू दोनदा अस्तित्वात येई आणि सगळ्यांच्याच वस्तूंची किंमत घसरे. पेठ देताना मूळ हुंडी रद्द करण्याचे महत्त्व इथे नव्याने कळले. व्हॉल्व्हने मोबाइल प्रमाणक न वापरणाऱ्यांच्या देवघेवीतल्या वस्तू आधी काही दिवस आणि २०१६ पासून १५ दिवस अडकवून ठेवायला सुरुवात केली. खेळायला लॉगिन सोपे, वस्तू बाहेर नेताना अडसर: हा तोल शहाणपणाचा होता, कारण नुकसान लॉगिनच्या क्षणी होत नाही, माल बाहेर जाताना होते. एपिक गेम्सने २०१८ मध्ये वेगळी वाट धरली. फोर्टनाइटमध्ये दुहेरी पडताळणी चालू करणाऱ्याला पात्राच्या नाचाची एक लकब फुकट दिली. मुलांना भीती घालून जे साधले नसते ते नाचाने साधले.

वऱ्हाडात खेळ घराघरांत पोहोचला तो स्वस्त डेटामुळे. ५ सप्टेंबर २०१६ रोजी जिओ आले, मार्च २०१८ मध्ये पबजी मोबाइल आला. लॉगिनचे पर्याय तीन प्रकारचे होते. ‘गेस्ट’ म्हणून थेट खेळणे: ना नाव, ना पासवर्ड, आणि फोन बिघडला की सगळे गेले. फेसबुक किंवा ट्विटरच्या खात्याने शिरणे: एक बोट दाबले की झाले. किंवा गुगलच्या खात्याने. बहुतेकांनी अर्थातच बोट दाबले. एका किल्लीने अनेक दारे उघडण्याची ही सोय मोठी, पण किल्लीची चोरीही तेवढीच मोठी. सप्टेंबर २०१८ मध्ये फेसबुकच्या चुकीमुळे अशा कोट्यवधी किल्ल्या चोरांच्या हाती लागल्या. कंपनीने आधी पाच कोटी खाती सांगितली, नंतर आकडा तीन कोटींच्या आसपास आणला. गावपातळीवरची चोरी मात्र इतकी तांत्रिक नव्हती. ‘फुकट यूसी’, म्हणजे खेळातले चलन, देणारे पान, त्यावर फेसबुकसारखीच दिसणारी लॉगिनची चौकट, आणि पोराने स्वतःच्या हाताने भरलेला पासवर्ड. शिवाय आयडी मित्राला वापरायला देणे, विकणे, विकून पुन्हा परत मिळवणे, हे सगळे चालू होतेच. ‘आयडी गेली’ हे वाक्य घरच्या मोठ्यांना कळत नसे. पोराच्या लेखी ते दुभते जनावर चोरीला गेल्यासारखेच असे.

२ सप्टेंबर २०२० रोजी केंद्र सरकारने पबजी मोबाइलसह ११८ ॲपवर बंदी घातली. २ जुलै २०२१ रोजी तोच खेळ बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया या नावाने परतला तेव्हा जुना साठा नव्या खात्यात आणण्याची सोय होती, पण ती समाजमाध्यमाच्या खात्याला जोडलेल्यांनाच; ‘गेस्ट’ म्हणून खेळलेल्यांना दाखवायला ओळखच नव्हती. नव्या खेळात ओटीपी आला. त्याचे जाहीर केलेले नियम असे: एक अंक पाच मिनिटे चालणार, तीन वेळा चुकला की बाद, दहा वेळा मागवला की चोवीस तास मनाई, आणि एका मोबाइल क्रमांकावर जास्तीत जास्त दहा खाती. शेवटचा नियम सुरक्षेच्या पुस्तकात बसणारा नाही, पण घरात एकच चांगला फोन आणि तो चौघे वापरणारे, ही वस्तुस्थिती त्याने ओळखली आहे. १८ वर्षांखालच्यांसाठी पालकाच्या फोनवर ओटीपी, दिवसाला तीन तास आणि ७,००० रुपयांची मर्यादा ठेवली. पालकाचा ओटीपी ज्या फोनवर येतो त्याच फोनवर मूल खेळत असेल तर ही परवानगी कोण देते, हे सांगायला नको.

जबाबदारीचा फरक सर्वांत स्पष्ट दिसतो तो बँकेच्या आणि खेळाच्या खात्याची तुलना केल्यावर. रिझर्व्ह बँकेने १ ऑगस्ट २००९ पासून कार्डाच्या ऑनलाइन व्यवहारांना दुसरी पडताळणी सक्तीची केली. ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने, दोष ग्राहकाचा किंवा बँकेचा नसून यंत्रणेतच इतरत्र असेल आणि ग्राहकाने तीन कामकाजी दिवसांत कळवले तर त्याच्यावर काहीही भार पडणार नाही असे ठरवले. भुर्दंड बँकेवर आला आणि बँकांची कुलपे सुधारली. त्याच वेळी लहान रकमांना मोकळीक मिळाली: स्पर्शाने चालणाऱ्या कार्डाला १ जानेवारी २०२१ पासून ५,००० रुपयांपर्यंत पिन लागत नाही, आणि २०२२ मध्ये आलेल्या यूपीआय लाइटमध्ये छोट्या खर्चाला पिनच नाही. जेवढे नुकसान सोसवेल तेवढी सोय, हे उघड सूत्र. शेअर आणि वायदे बाजारात सप्टेंबर २०२२ अखेर दुहेरी पडताळणी सक्तीची झाली. त्यात अकोल्याच्या भावावर चालणारा सरकी ढेपेचा वायदाही आला; रुमालाखालच्या बोटांऐवजी तो आता लॉगिन, पिन आणि ओटीपीने होतो. खेळाच्या खात्याला असे कोणतेही संरक्षण नाही. कंपन्यांच्या अटींप्रमाणे खाते वापरायला दिलेले असते, मालकीचे नसते, आणि पासवर्ड सांभाळण्याचा भार खेळाडूवर असतो. दुसऱ्याचा पासवर्ड अप्रामाणिकपणे वापरणे हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६सी खाली तीन वर्षांपर्यंत कैदेचा गुन्हा आहे, आणि पैशांच्या फसवणुकीसाठी १९३० हा क्रमांक आहे. पण गेलेल्या ‘स्किन’ची, म्हणजे पात्राच्या पोशाखाची, किंमत पंचनाम्यात किती लिहायची, याचे उत्तर ठाण्यात सहज मिळत नाही. ऑगस्ट २०२५ च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने पैसे लावून खेळायच्या खेळांवर बंदी घातली आणि ई-स्पोर्ट्सला मान्यता दिली. लुटीचे एक मोठे कारण त्यामुळे कमी झाले, खात्यांच्या मालकीचा प्रश्न मात्र आहे तिथेच राहिला.

आता ओटीपीचीही पडती बाजू दिसू लागली आहे. तो फोनवर बोलून काढून घेता येतो, सिमकार्ड दुसऱ्याच्या नावे करून पळवता येतो. ९० दिवस वापर न झालेला क्रमांक बंद होऊन पुढे दुसऱ्या गिऱ्हाइकाला जाऊ शकतो. ज्याने जुन्या क्रमांकावर खेळाचे खाते उघडले त्याचे दार मग त्या नव्या माणसाच्या खिशात उघडते. २०२२ पासून ॲपल, गुगल आणि मायक्रोसॉफ्ट यांनी पुढे आणलेली ‘पासकी’ पासवर्डच काढून टाकते. गुपित संकेतस्थळाकडे कधीच जात नाही, बोटाने किंवा चेहऱ्याने फोन उघडला की लॉगिन होते, आणि खोट्या पानावर ती चालतच नाही, कारण ती ज्या संकेतस्थळासाठी तयार झाली तेवढ्यापुरतीच असते. सोय वाढवून सुरक्षाही वाढवणारी सांकेतिक तारेनंतरची ही बहुधा पहिलीच युक्ती. पण ती प्रत्येकाचा फोन वेगळा आहे असे धरून चालते. फोनचे कुलूप घरातल्या सगळ्यांना ठाऊक असेल तर पासकीही सगळ्यांची होते. फोन हरवला आणि गुगल किंवा ॲपलच्या खात्यात तिची प्रत ठेवलेली नसेल, तर खेळाडू पुन्हा ईमेल, जुनी पावती आणि मदतकेंद्राच्या प्रश्नांकडे वळतो. स्टीमसारख्या ठिकाणी खाते परत मागताना पहिल्या खरेदीचा पुरावा विचारला जातो. ज्याने खाते बाजारातून विकत घेतले त्याच्याकडे तो नसतो, आणि ज्याने विकले त्याच्याकडे तो कायम राहतो.